काकूंनी फेकलेलं शेवाळ

मला पत्रक लिहिता येतं, लेख लिहिता येत नाही. पत्रकाच्या पहिल्या ओळीत शत्रू असतो, दुसरीत त्याचा गुन्हा, तिसरीत आपली मागणी आणि खाली ठळक अक्षरात 'बहुसंख्येने उपस्थित राहा'. एका पानात विषय संपतो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव मागितले तेव्हा मी सरळ सांगितलं, जिंकलेली प्रकरणं मला लिहायची नाहीत, ती पत्रकांत येऊन गेली. मला ते प्रकरण लिहायचंय ज्याच्या पत्रकाची पहिली ओळ मला अजून सापडलेली नाही. ते म्हणाले, चालेल, पण विषय काय? मी म्हटलं, समुद्रातलं शेवाळ. ते म्हणाले, नगर जिल्ह्यात?

हो, नगर जिल्ह्यात. श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीला. जिथून समुद्र बघायला जायचं तर अख्खा घाट उतरावा लागतो.

आधी आमचं काम सांगते, कारण ते माझ्या घरच्यांनाही धड कळलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगते, "ती भांडायला जाते." ते खोटं नाही. बियाणं उगवलं नाही, औषध मारलं आणि पीक करपलं, खताच्या पोत्यात माती निघाली, की शेतकरी आधी दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, तुमच्या पाण्यात दोष आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, तुमच्या हवामानात दोष आहे. मग कुणीतरी आमच्या समितीचा नंबर देतं. समिती म्हणजे काय तर केडगावला पुणे रोडवर टायरच्या दुकानाच्या माडीवर एक खोली, एक कपाट, मी आणि इरफान. इरफान दिवसा छापखान्यात काम करतो, आमची पत्रकं तोच जुळवतो आणि मोटारसायकलही त्याचीच. बाकीचे सभासद मोर्चाला येतात.

फोन आला की आम्ही पहिल्यांदा ओरडतो: पोतं फेकू नका! पाकीट फेकू नका! जळालेलं पीक उपटू नका! जे उरलंय ते जसंच्या तसं राहू द्या. मग कृषी खात्याच्या मागे लागून पंचनामा करून घ्यायचा, चार माणसांसमोर नमुना सीलबंद करायचा, तपासणीला पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत दुकानासमोर बसायचं. एवढंच शास्त्र आहे. पण माणसं शास्त्राप्रमाणे वागत नाहीत. एका आजोबांनी औषधाचं रिकामं पाकीट चुलीत घातलं. मी डोक्याला हात लावला तर म्हणाले, "तुमीच म्हनला ना फेकू नका? मग जाळलं." शिर्डीजवळचा एक झेंडूवाला तक्रार घेऊन आला की फूल पाकिटावरच्या चित्रापेक्षा मोठं आलं. इरफान म्हणाला, "भाऊ, ही तर बरकत झाली." तो चिडला. "बरकत? माझा हार बघा. देवाच्या गळ्यात घालायचा का ट्रॅक्टरला?" हारवाले ठरावीक मापाचंच फूल घेतात, त्याचा अख्खा माल परत आला होता. ही फसवणूक म्हणायची की नाही, हे आम्हाला ठरवता आलं नाही. तो जाताना पिशवीभर झेंडू ठेवून गेला आणि आमचं ऑफिस आठवडाभर देवळासारखं दिसत होतं.

तर शेवाळ. गेल्या काही वर्षांत आमच्याकडच्या खतांच्या दुकानात समुद्र शिरला. काळ्या पाण्याचे कॅन, दाणे, पावडर, सगळ्यांवर एक निळी लाट आणि लाटेवर डाळिंब नाहीतर द्राक्षाचा घड. काही चांगलं असेल, असतंच. पण मला चीड येते ती याची, की विकणाऱ्याला विचारलं 'ह्यात काय आहे' तर तो म्हणतो, "समुद्राची ताकद." अरे, ताकद म्हणजे काय? मीठ? मासे? खारं वारं? उत्तर नाही! समुद्री म्हटलं की पुढे प्रश्नच विचारायचा नाही, असा कारभार.

म्हणून विमलकाकूंचा फोन आला तेव्हा मी आतून खूशच झाले होते, हे लपवत नाही.

विमलकाकूंची रोपवाटिका काष्टीतून जरा बाहेर, रस्त्याला लागून आहे. हिरवी जाळी, खाली ट्रेच्या रांगा. त्यांचं काम मोठ्या रोपवाटिकांपेक्षा वेगळं. लोक आपल्या घरचं बी त्यांच्याकडे आणून देतात आणि काकू त्याची रोपं करून देतात. बी दुसऱ्याचं, हात काकूंचा. कुणाची वांगी, कुणाचा गावरान टोमॅटो, कुणाची मिरची. बियाण्याची पुडी काकूंच्या हातात देताना माणसं जरा रेंगाळतात, लेक नांदायला पाठवल्यासारखी. आणि काकू ते बी ट्रेमध्ये पेरण्याआधी पाण्यात ओततात. वर तरंगतं ते पोचट, ते बोटांनी काढून टाकायचं. तळाला बसतं ते भरलेलं, ते पेरायचं. बाजरी असेल तर पाण्यात मीठ घालायचं, म्हणजे रोगट दाणेही वर येतात. आमच्याकडे हे पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात.

"मनीषा," काकू फोनवर म्हणाल्या, "माजी रोपं जळाली गं. कडंनं जळत्यात. रावसाहेबांची मिरची हाय त्याच्यात."

रावसाहेबभाऊंची मिरची म्हणजे बुटकी, घोसानं लागणारी, त्यांच्या आईच्या हातापासून घरात धरलेलं बी. दुकानात मिळत नाही. हे रोप जळालं म्हणजे नुसतं रोप जळालं नव्हतं. गावात एकदा बोललं गेलं की विमलबाईच्या हातून बी वाया जातं, तर पुन्हा कुणी पुडी देणार नाही. काकूंना दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा काकूंनी आधी ट्रे दाखवले. मिरचीच्या इवल्या पानांच्या कडा तपकिरी, कागद मेणबत्तीवर धरल्यासारख्या.

"काय घातलं होतं?" मी विचारलं.

"पोपटशेठकडचं शेवाळ. सुकं. नवीन आलंय म्हनला, समद्यात भारी." काकूंनी पोतं जपून ठेवलं होतं. पोत्यावर निळी लाट आणि खाली एक ओळ: समुद्री शेवाळ, पाण्यात भिजवून वापरावे. बस. एवढंच.

"भिजवलं?"

"भिजवलं की. तुजी काकू यडी हाय का? टबात वतलं, ढवळलं. लई पोचट निगालं बघ. निम्म्याच्या वर तरंगलं. ते काढून टाकलं त्या बांधावर. खाली बसलं ते पान्यासकट रोपाला दिलं."

मी बांधावर गेले. तिथे तपकिरी, काटक्यांसारखा ढीग पडला होता. हातात घेतलं तर काटक्यांना चिंचोळी पानं आणि पानांच्या बगलेत देठांवर बारके बारके गोल मणी. काही मोहरीएवढे, काही मिऱ्याएवढे. एक मणी नखाने फोडला. टच्! आत काही नाही. दुसरा फोडला. आत काही नाही.

"इरफान," मी हाक मारली, "पोत्यात भुसा आहे! निम्मं पोतं पोकळ!"

"क्या बात है," तो म्हणाला. "हेडिंग मिळालं."

त्याच दिवशी पत्रक जुळलं. 'पोत्यात भुसा! समुद्राच्या नावाखाली शेतकऱ्यांची लूट! तरंगणाऱ्या पोचट मालाने काष्टीच्या कष्टकरी भगिनीची रोपे जाळली!' पोपटशेठच्या दुकानासमोर बाजाराच्या दिवशी ठिय्या ठरला. मी आधी दुकानात जाऊन त्यांना तोंडावर सांगून आले, आमची तशी पद्धत आहे. पोपटशेठ जाड, हसरा माणूस, बापाची जिरायत सोडून दुकानात बसलेला.

"भुसा न्हाई ताई ते," ते म्हणाले. "समुद्राचं झाड हाय."

"मग त्या मण्यांत काही का नाही?"

"हवा हाय ना."

"हवा कुणी भरली?"

"मशीननं भरत असत्याल. वेफर्सच्या पुड्यात भरत्यात तशी. माल चुरगळू नये म्हनून."

हे ते मनापासून बोलले, हे मला अजून आठवतं. खोटं बोलणारा माणूस एवढं वाईट खोटं बोलत नाही.

नमुना तपासणीला जायचाच होता. त्यातली मूठभर मी नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे नेली. मला लेखी हवं होतं की हा भुसा आहे. मॅडमनी काटकी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"किती छान सुकवलंय! कुठून आणलंत?"

"काष्टीहून."

"नाही, म्हणजे समुद्रात कुठून?"

मला काय माहीत! मी म्हटलं, "मॅडम, ह्यात भेसळ किती आहे ते सांगा." त्या म्हणाल्या, भेसळ नाही. थोडी वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि अंगावर वाळलेलं मीठ. ते असणारच. बाकी अस्सल तपकिरी शेवाळ. आपल्या कोकण किनाऱ्यावर खडकांना धरून वाढतं.

"आणि हे पोकळ मणी?"

"तेच तर त्याचं डोकं आहे," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आता माझ्या भाषेत सांगते, कारण मला ते नीट समजायला वेळ लागला आणि एक गोष्ट तर अजून पचलेली नाही. ह्या शेवाळाला मूळ नसतं. खाली पंजासारखं काहीतरी असतं, त्याने ते खडकाला घट्ट धरून राहतं, पण त्या पंजातून ते काही पीत नाही, खात नाही. सगळ्या अंगानेच पाण्यातून घेतं. मूळ नसलेलं झाड! शेतकऱ्याच्या पोरीला हे सांगणं म्हणजे पाया नसलेलं घर दाखवणं. बरं, त्याला ऊन लागतंच, आपल्या पिकासारखं. आणि पाण्यात जसजसं खाली जावं तसतसा उजेड कमी होतो. म्हणून तर त्याचा रंग तपकिरी, हिरव्यावर आणखी एक रंग चढलेला, पाण्यातून गाळून येणारा अर्धामुर्धा उजेडही वाया जाऊ नये म्हणून. आता ह्याच्यात लाकूड नाही. आपल्या झाडाला खोड असतं, ते उभं राहतं. हे लिबलिबीत. ते तळाला चिखलात लोळलं तर संपलंच. मग ते उभं कशावर राहणार? त्या मण्यांवर. शेवाळ वाढतं तसे त्याला मणी येतात आणि आतली हवा ते स्वतः भरतं, कुठली मशीन नाही. दिवसा उन्हात अन्न करताना जो प्राणवायू निघतो तोही त्यातच मिसळतो. भरतीला पाणी वाढलं की मणी वर ओढतात आणि अख्खं शेवाळ उन्हाकडे तोंड करून उभं राहतं. ओहोटीला खडकावर आडवं पडतं. पुन्हा भरती, पुन्हा उभं. वादळात तुटलं तरी बुडत नाही, मण्यांवर तरंगत कुठल्या कुठे जातं, काही जाती तर अशाच तरंगत वाढत राहतात आणि माशांची पिल्लं त्यांच्या सावलीला राहतात. थंड समुद्रात एक जात आहे, तिला साधारण वर्षाला एक मोठा फुगा येतो, फुगे मोजून वय सांगतात.

"म्हणजे जे पोकळ आहे," मी म्हटलं, "त्याच्यामुळे ते जगतं?"

"बरोब्बर."

"आणि वापरायचं कसं?"

"भरपूर पाण्यात धुवायचं. मीठ आणि वाळू पाण्यात उतरते, ते पाणी लांब फेकून द्यायचं. वर तरंगणारं शेवाळ घ्यायचं, कुजवायचं, मग रोपाला."

काकूंनी वरचं फेकलं होतं आणि खालचं मीठ, वाळू, खारं पाणी मिरचीला पाजलं होतं. तंतोतंत उलटं. आणि त्यांनी एकही गोष्ट निष्काळजीपणे केली नव्हती. त्यांनी ते केलं जे आमच्याकडचा प्रत्येक शहाणा माणूस करेल.

मॅडमनी जाताना एक काचेची बरणी दिली. पाणी भरून, शेवाळाची एक फांदी दोऱ्याने दगडाला बांधून आत सोडलेली. दगड तळाला बसला आणि फांदी हळूहळू मऊ होत उभी राहिली, सरळ, पानं पसरून. मोटारसायकलवर इरफानच्या मागे बसून मी ती मांडीवर धरून केडगावपर्यंत आणली. अर्धं पाणी माझ्या ड्रेसवर.

टायरच्या दुकानाशेजारी चहा घेताना इरफानला सगळं सांगितलं. तो बरणीकडे बघत राहिला.

"म्हणजे आपलं पत्रक खोटं."

"खोटं म्हणजे... माल अस्सल आहे."

"मग ठिय्या रद्द?"

"रद्द केला तर लोक म्हणतील शेठने ह्यांना गप्प केलं."

"आणि ठिय्या केला तर?"

"केला तर आपण भुसा म्हणणार, शेठ तपासणीचा कागद काढणार आणि सगळं गाव म्हणणार बाईलाच वापरता आलं नाही."

"मग खरं काय ते सांगून टाकू."

"खरं सांगितलं तरी गाव तेच म्हणणार!"

इरफानने कप खाली ठेवला. "ताई, दुश्मन कौन है, ते सांग. मी टाईप लावतो."

पोपटशेठ? त्यांनी जे माहीत नाही ते विकलं. पण दुकानात जे विकलं जातं त्यातलं किती त्यांना माहीत असतं? पोत्यावर एक ओळ छापून मोकळी झालेली कंपनी? हो, ती तर नक्कीच. पण शेठच्या बिलावरच्या नंबरवर फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, आम्ही फक्त पोती भरतो, माल किनाऱ्यावरून येतो. किनाऱ्यावरचा माणूस काय म्हणेल? तो म्हणेल, आमच्याकडे पोरांनाही माहीत आहे हे कसं वापरायचं. आणि ते खरंच असेल! मला चीड येत होती आणि ती कुठे ठेवावी कळत नव्हतं. ही माझी सवय नाही.

ठिय्याच्या आदल्या दिवशी मी काकूंकडे गेले. हे त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको होतं. जळालेले ट्रे तसेच होते. मी सगळं सांगितलं आणि बरणी समोर ठेवली. मला वाटलं काकू रडतील. त्या चिडल्या.

"वर येतं ते टाकायचं, ह्ये माज्या बापानं शिकवलं. त्याच्या बापानं त्याला. आन् आता तू सांगती वर येतं तेच घ्यायचं?"

"फक्त ह्याच्या बाबतीत, काकू."

"का? ह्याला काय शिंगं आल्यात?"

मी मूळ, खडक, उजेड, सगळं पुन्हा सांगितलं. काकूंनी बरणीत हात घातला आणि एक मणी नखाने फोडला. मग आणखी एक. फांदीचा तेवढा भाग जरा वाकला. त्या फोडत गेल्या. फांदी एका अंगाने लवत लवत शेवटी दगडावर आडवी पडली, फडकं पडावं तशी.

"अगंबाई," काकू हळू म्हणाल्या. मग फुटलेला मणी बोटावर घेऊन माझ्यापुढे धरला. "ह्याच्यात काय बी न्हाई ना?"

"नाही."

"आन् त्या काय बी न्हाईवर ह्ये सारं उबं व्हतं?"

"हो."

"मग ह्याला पोचट म्हनायचं न्हाई तर काय म्हनायचं?"

मला शब्द सापडला नाही. खरं सांगते, अजूनही नाही.

"रावसाहेब आल्ते सकाळी," काकू म्हणाल्या. "ट्रे बगून गेले. बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं." मग उठल्या. "उद्या तू ये. तुजा लाउडस्पीकर आन. टब मी आनते."

"काकू, मी उद्या बोलणार काय?"

"तू नेहमी काय बोलती? तसंच वरड. बाकीचं मी बगते."

बाजाराच्या दिवशी काष्टीत पाय ठेवायला जागा नसते. पोपटशेठच्या दुकानासमोर आमचा टेम्पो, त्यावर कर्णा आणि माझ्या हातात माईक. पत्रकं इरफानने पिशवीतून बाहेरच काढली नव्हती. आमचे सभासद 'लूट थांबवा' म्हणत होते आणि मी अर्धी घोषणा देऊन थांबत होते, कारण लूट कोण करतंय हे मलाच ठाऊक नव्हतं. माणसं जमली. रावसाहेबभाऊ कडेला, हातात बाजाराची पिशवी, चेहरा बंद.

पोपटशेठ पायरीवर आले. त्यांची तयारी होती. "माल चोख हाय! कुटंबी तपासा. बाईला वापरता आला न्हाई, त्याला दुकान काय करनार?"

कुणीतरी हसलं. आणि तेच हसू मला नको होतं.

विमलकाकू टब घेऊन पुढे आल्या. टब पायरीवर ठेवला, कळशीभर पाणी ओतलं.

"शेठ, मानलं. माजंच चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. "मी अडानी बाई. तुमी शिकवा. ह्ये पानी हाय, तुमचं पोतं तुमी फोडा आन् समद्यांदेकत दावा, भिजवायचं कसं."

पोपटशेठना ह्यात काही वावगं दिसलं नाही. नवं पोतं आणवलं, फोडलं, दोन ओंजळी टबात टाकल्या. बाह्या वर केल्या. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, हात पाण्यात गेला आणि सवयीने ढवळू लागला. तपकिरी फांद्या भराभर वर आल्या, पाण्यावर पसरल्या. खाली वाळू बसली. शेठनी तळवा आडवा केला, वरचं सगळं कडेला ओढलं, मूठ भरली आणि रस्त्यावर टाकली. पुन्हा मूठ, पुन्हा रस्त्यावर.

"ह्ये वरचं पोचट असतंय, ह्ये काढून टाकायचं," ते गर्दीकडे बघून म्हणाले.

गर्दीतल्या माना हलल्या. रावसाहेबभाऊंची मानसुद्धा हलली.

"आन् खालचं?" काकूंनी विचारलं.

"खाली कस उतरतो. तो पान्यासकट रोपाला द्यायचा. द्या की."

"तेच दिलं मी," काकू म्हणाल्या. "मनीषा, दाव आता तुजी बरणी."

मी बरणी वर धरली. मी आत नवी फांदी बांधली होती, ती उभी होती. माईक हातात होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यावर घोषणा न देता बोलले. खडक, पंजा, उजेड, मणी. मीठ कुठे उतरतं ते. मध्येच अडखळले, दोन गोष्टी उलट्यासुलट्या सांगितल्या, पण टबाकडे आणि रस्त्यावर पडलेल्या शेवाळाकडे बघत लोकांना कळलं. पोपटशेठचा ओला हात हवेतच राहिला होता.

"म्हंजे शेठ," मागून कुणीतरी म्हणालं, "तुमी बी जाळलीच असती की!"

"आपन समद्यांनीच जाळली असती," रावसाहेबभाऊ म्हणाले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. एवढंच बोलून ते भाजीबाजाराकडे निघून गेले.

पोपटशेठ माझ्यावर उखडले. "मला तरी कुनी सांगितलं ओ? पोती टेकवून गेले, लाटेचं चित्र दावून गेले!" आता तेही रागावले होते, माझ्याच सुरात. मी त्यांना म्हटलं, चला मग, बसा आमच्या ठिय्यात. ते खरंच पायरीवर बसले. शत्रू आमच्या बाजूला येऊन बसल्यावर घोषणा कुणाविरुद्ध द्यायची, हा प्रश्न सभासदांना पडला आणि सगळे चहा प्यायला गेले.

दुकानावर आता पाटी आहे, शेठनी स्वतः रंगवलेली: 'समुद्री शेवाळ. खारं पाणी फेका. वर येतं तेच घ्या.' कंपनीला आम्ही पत्रं पाठवतो, पोत्यावर नीट छापा म्हणून. उत्तर येतं की सूचनेची नोंद घेतली आहे. हे मी जिंकलं की हरलं, मला सांगता येत नाही. इरफान म्हणतो ही बरोबरी. मला बरोबरी ठाऊक नाही. मी चिडलेली आहे एवढं नक्की, पण चिडून बघते तर समोर कधी लाटेचं चित्र असतं, कधी माझीच शहाणी माणसं. 'पोत्यात भुसा'ची पत्रकं कपाटात आहेत. मागची बाजू कोरी. हा लेख मी त्यांच्यावरच लिहिते आहे.

मागच्या महिन्यात काष्टीवरून जात होते, काकूंकडे डोकावले. जाळीखाली नवे ट्रे लावलेले. काकू पाटावर बसून, समोर पितळेच्या वाटीत पाणी.

"कुणाचं बी?"

"रावसाहेबांचं. आडकवून ठेवलेल्या वाळल्या मिरच्या हुत्या घरात, त्याच्यातलं काढून आनलं. पुडी हातात दिली न्हाई, पाटावर ठिवली आन् गेले. पर दिली."

त्यांनी पुडी वाटीत रिकामी केली. बी पसरलं. बरंच तळाला गेलं, काही वर राहिलं. काकूंची बोटं सवयीने वरच्या बियांकडे गेली आणि पाण्याच्या जरा वर थांबली. थांबूनच राहिली. मी वाट बघत होते. वरच्यातल्या दोन-तीन बिया भिजून सावकाश खाली गेल्या.

"काय बघताय काकू?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या, पाण्यावरची नजर न काढता. "ह्यातलं कुनी नुसतं दम धरून तर बसलं न्हाई ना, एवडं बगते. मग टाकते."